नदीत शिरणारा शार्क

दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते आणि तिचे पाणी हिराकुड धरणातून पुढे बंगालच्या उपसागरात जाते. परंतु शिवनाथेच्या काठी राहणाऱ्या माणसाला शार्क म्हटले की खारा, खोल समुद्रच आठवतो. पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरणाऱ्यांचीही समजूत फारशी निराळी नसावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र तेथे पाण्यात उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो होता बुल शार्क.

समुद्रातील मासा नदीत सोडला तर तो बहुधा मरतो. शार्कच्या रक्तात युरिया साठलेला असतो. त्यामुळे खारे पाणी त्याच्या देहातील पाणी शोषून घेऊ शकत नाही. तोच देह नदीत आला की उलट प्रकार होतो, बाहेरचे पाणी आत झिरपू लागते. बुल शार्क अशा वेळी रक्तातील युरिया कमी करतो. मीठ बाहेर टाकणाऱ्या त्याच्या गुदग्रंथीचे काम मंदावते आणि मूत्रपिंडे पातळ मूत्र भराभर बाहेर टाकू लागतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. पण तोंडाच्या टोकाभोवतीच्या सूक्ष्म छिद्रांतून भक्ष्याच्या देहातील क्षीण विद्युत्प्रवाहही त्याला जाणवतो. ॲमेझॉन नदीत तो समुद्रापासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर आत सापडला आहे!

एवढा खटाटोप कशासाठी? मादी दहा-अकरा महिने गर्भ वाहते आणि नदीमुखाशी, खाडीत पिल्ले देते. मोठे शार्क गोड्या पाण्यात सहसा येत नाहीत. म्हणून पिल्ले तेथे काही वर्षे निर्धास्त वाढतात.

या पराक्रमाचा दोष मात्र दुसऱ्याच्या माथी आला. गंगेतील हल्ले ज्याच्या नावावर जमा झाले तो गंगा शार्क. म्युलर आणि हेन्ले यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले. दोघे दिसायला पुष्कळ सारखे, आणि त्या हल्ल्यांपैकी बरेचसे बुल शार्कचेच असावेत असे आता अभ्यासक मानतात. बदनाम झालेला गंगा शार्क इतका विरळ झाला आहे की १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान द्यावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेल्या मासळीत त्याची एक मादी आढळली. तिची लांबी २६६ सेंटिमीटर होती. दहा वर्षांहून अधिक काळानंतर झालेली ती त्या जातीची पहिली नोंद होती.