बाकावरचा सोबती

गावात कोणी गेले की आपण भेटायला जातो. ओटीवर टेकतो, खाली मान घालून बसतो, "फार वाईट झालं हो" एवढे म्हणतो आणि उठतो. रीत चांगली आहे. घरच्यांना तिचा आधार वाटतो. पण गेलेला माणूस आपला शाळेतला मित्र असेल, तर एवढ्याने आपले काम संपते का? आज या प्रश्नावर चार शब्द बोलायचे आहेत, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्या गावी न्यायचे आहे.

माझे गाव उल्हासनगर, कॅम्प नंबर ४. कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघाले की पहिलेच स्टेशन विठ्ठलवाडी, तेथे उतरायचे. नावातला 'कॅम्प' लष्कराचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैनिकांसाठी येथे लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. १९४७ साली फाळणी झाली, सिंधमधले हिंदू घरदार टाकून निघाले, आणि त्यांतल्या जवळजवळ लाखभर माणसांना या बराकींचा आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. जवळून उल्हास नदी वाहते, म्हणून नाव उल्हासनगर. अजूनही तेथील पत्त्यात बराकीचा नंबर लिहितात.

कॅम्प चारमध्ये सिंधी वस्तीला लागून मराठी वस्तीही मोठी. माझा मित्र सिंधी घरातला. पण जवळची म्हणून वडिलांनी त्याला मराठी शाळेत घातले. पाचवी ते दहावी, सहा वर्षे आम्ही एका बाकावर बसलो.

सिंधी भाषेत 'ळ' नाही. तो शाळेला 'शाला' म्हणे आणि फळ्याला 'फला'. पोरे हसत. आमच्या मराठीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी १ ऑगस्टच्या, म्हणजे लोकमान्यांच्या पुण्यतिथीच्या भाषणासाठी त्यालाच उभे केले. आता पाहा, लोकमान्यांचे आडनाव म्हणजे 'ळ'ची परीक्षाच की! आठ दिवस शाळेतून घरी जाताना स्वारी वाटभर "टिळक, टिळक" घोकत असे. भाषणात शेंगांच्या टरफलांची गोष्ट होतीच. मराठी शाळेतले पोर ती सांगितल्यावाचून राहते थोडेच! 'टिळक' हा शब्द अकरा वेळा आला, मी बोटांवर मोजला, आणि अकराही वेळा बरोबर आला. पुढे महिनाभर त्याला 'ळ'चे असे वेड लागले, की त्याने कल्याणचेही 'कळ्याण' करून टाकले.

त्याचे आजोबा शिकारपूरचे. तिकडून आणलेले शाळेचे एक पुस्तक त्यांनी जपून ठेवले होते. लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे. पहिल्या पानावर त्यांच्या वर्गमित्राने हाताने काही लिहिले होते. तो मित्र तिकडेच राहिला. हा जिवंत की तो, हे एकमेकांना कधी कळले नाही. आजोबा पानावरून बोट फिरवीत, पण मित्राविषयी कधी फारसे बोलले नाहीत. आज ते पुस्तक घरात आहे, आणि ते पान वाचता येईल असा माणूस घरात नाही. मित्र कोण होता, कसा होता, हे आजोबांबरोबरच गेले.

गेल्या पावसाळ्यात माझा मित्र गेला. वय शेहेचाळीस. हृदयविकाराने तासाभरात सगळे आटोपले. बारावा झाल्यावर मी पुन्हा गेलो. अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुट, तो शाळेत कसा होता रे? आम्हाला मराठी कुठे येत होतं? घरी तो काही सांगायचा नाही."

मग मी सांगितले. 'ळ'चे सांगितले, भाषणाचे सांगितले. वर्गातल्या एका मुलाजवळ वह्या नसत, हा घरच्या दुकानातून दर महिन्याला एक वही आणी आणि त्याला म्हणे, "घे, हिचं पान फाटलंय, गिऱ्हाईक घेत नाही." एकाही वहीचे पान फाटलेले नसे. अम्मांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी त्या हसल्या. "म्हणजे वह्या तिकडे जात होत्या तर! याचे वडील मापात चूक झाली म्हणून दर महिन्याला पुन्हा मोजायचे." त्याची मुलगी सातवीत आहे, इंग्रजी शाळेत. वडिलांनी कधी मराठीत भाषण केले, हे तिला ठाऊकच नव्हते. तिने हळूच 'टिळक' म्हणून पाहिले. तिलाही 'ळ' पहिल्या खेपेस जमला नाही.

टिळकांचेच नाव निघाले, म्हणून त्यांचेच उदाहरण सांगतो. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ च्या जुलैत जन्मलेले, नऊ दिवसांच्या अंतराने. डेक्कन कॉलेजात मैत्री जमली. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस दोघांनी एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेवरून इतके बिनसले, की आगरकरांनी 'केसरी' सोडून 'सुधारक' काढला आणि दोन्ही पत्रांतून दोघे एकमेकांवर तुटून पडले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनीच केला. तो सांगताना त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, असे चरित्रकार लिहितात. एवढा वाद होऊनही, तरुणपणीचा आगरकर आपल्याला ठाऊक आहे आणि तो लोकांना सांगणे आपल्याकडे लागते, हे त्यांनी ओळखले.

श्रोतेहो, आईबापांना मूल घरातले ठाऊक असते, बायकोला नवरा लग्नानंतरचा आणि मुलांना बाप मोठेपणीचा. बाकावरचा मुलगा ठाऊक असतो तो फक्त शेजारी बसणाऱ्याला. ही ठेव आपल्याकडे असते, पण मालकी त्या घराची. ती पोचती करायला हवी.

तेव्हा मित्र गेला, तर पहिल्या दिवशी जा आणि महिन्याभराने पुन्हा जा. तोवर माणसांची ये-जा थांबलेली असते आणि घर फार ओके वाटत असते. "देवमाणूस होता" असे मोघम बोलू नका. तो काय खाई, कशाला भी, कोणाला हसवी, ते सांगा. जाणे जमत नसेल तर एक पत्र टाका. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या माजी विद्यार्थ्याची अशी बातमी आली, तर तुम्हीही दोन ओळी लिहा. आमच्या बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी कापऱ्या हाताने एक कार्ड लिहिले: "तुमच्या मुलाने माझ्या वर्गात 'ळ' जिंकला." शेजारच्या मुलाकडून अम्मांनी ते वाचून घेतले, आणि आता ते शिकारपूरच्या पुस्तकात ठेवले आहे. हे मात्र घरातल्या मुलीला वाचता येते.