परतण्याची तारीख



नागपूरच्या इतवारीसारख्या पेठेत, जिथे दिवस उजाडण्यापूर्वीच मालाच्या गाड्या रांगेत लागतात आणि हमालांच्या पाठी ओझ्याखाली वाकू लागतात, तिथे अस्थिशल्य आणि पुनर्वसन या क्षेत्रांची ही परिषद भरविण्याचा जो निर्णय स्वागत समितीने घेतला, तो मला अत्यंत उचित वाटतो. कारण आपण ज्यांची हाडे सांधतो, त्यांपैकी पुष्कळांचे पोट याच मालवाहतुकीवर चालते. त्यांच्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. मात्र त्यासाठी मी दाखला घेणार आहे तो बराच दूरचा, अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा. आणि तो का घेतला, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल अशी माझी खात्री आहे.

या शर्यतीतील मोटार बाह्यरूपाने आपल्या नेहमीच्या बंद मोटारीसारखीच दिसते. डेटोना येथील अडीच मैलांच्या लंबवर्तुळाकार मार्गाची वळणे एकतीस अंशांनी कललेली आहेत, आणि त्यांवरून चाळीसएक गाड्या एकमेकींना खेटून धावत असताना एकीचा तोल गेला की दहाबारा गाड्यांची वाताहत होते. अशा आघाताने हाडे मोडतात, हे सांगावयास अस्थितज्ज्ञाची गरज नाही. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीकडे: जायबंदी झालेला मनुष्य पुन्हा चाकामागे केव्हा बसणार, हे तिथे कोण मुकर्रर करीत होते?

१९९६ च्या जुलै महिन्यात टॅलाडेगा येथील अपघातात डेल अर्नहार्ट या ख्यातनाम शर्यतपटूचे गळपट्टीचे हाड आणि उरोस्थी मोडली. पुढच्याच शर्यतीत तो इंडियानापोलिसला गाडीत बसला, काही फेऱ्यांनंतर त्याने गाडी दुसऱ्या चालकाच्या हवाली केली. आणि त्यानंतरच्या वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत त्याने प्रारंभरेषेवर अग्रस्थान मिळवून सहावा क्रमांकही पटकावला. लोकांनी त्याच्या धैर्याचे पोवाडे गायिले, आणि धैर्य तर ते निःसंशय होतेच. परंतु त्या धैर्यामागे एक कलम उभे होते. त्या काळच्या नियमाप्रमाणे जो चालक शर्यतीस प्रारंभ करील, त्याच्याच नावावर गुण जमा होत, मग उर्वरित शर्यत कोणीही पुरी करो. म्हणजे मोडक्या छातीनिशी गाडीत बसणे हा केवळ त्या गृहस्थाच्या स्वभावाचा प्रश्न नव्हता. विश्रांती घेणाऱ्यास वर्षाच्या कमाईतून वजा करणारी ती व्यवस्था होती.

हाच अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे अखेरच्या फेरीत भिंतीवर आदळून मृत्युमुखी पडला. पट्ट्यांनी जखडलेले धड जागीच राहते, मस्तक मात्र पुढे झेपावते, आणि कवटीचा तळ दुभंगतो. त्याच प्रकारच्या इजेने मागील वर्षभरात आणखीही तरुण चालक दगावले होते. मान आणि मस्तक यांना धरून ठेवणारे, खांद्यांवर बसणारे आणि शिरस्त्राणास दोरांनी बांधलेले साधन त्यापूर्वीच उपलब्ध होते; परंतु ते अवघडते, हालचालीस अडथळा करते, अशा तक्रारींपायी बहुतेकांनी ते नाकारले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते सक्तीचे झाले. नेब्रास्का विद्यापीठातील अभियंत्यांनी पोलादी नळ्या आणि त्यांमागे फेसाचे ठोकळे यांची जी आघातशोषक भिंत तयार केली, ती २००२ साली इंडियानापोलिसला प्रथम उभी राहिली. त्यानंतर स्टॉक कारच्या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीत एकही चालक प्राणास मुकलेला नाही. इतके निर्विवाद यश आपल्या शास्त्राच्या वाट्यास क्वचितच येते.

प्राण वाचले, परंतु मेंदूस बसणाऱ्या मुक्या माराचे काय? अर्नहार्टच्याच मुलाने २००२ साली अशी दुखापत महिनोन्‌महिने लपवून शर्यतींत भाग घेतला, आणि पुढे ते स्वमुखाने सांगितले. अस्थिभंग क्ष-किरण छायाचित्रात दिसतो, मुका मार दिसत नाही. म्हणून तो लपविणे सोपे आणि ओळखणे कठीण. २०१४ पासून प्रत्येक चालकाच्या स्मृतीची आणि प्रतिक्रियावेगाची चाचणी हंगामापूर्वीच घेऊन तिची नोंद दप्तरी ठेवणे तिथे अनिवार्य झाले, जेणेकरून अपघातानंतरच्या अवस्थेची तुलना त्या मनुष्याच्या स्वतःच्या पूर्वावस्थेशी करता यावी. २०१६ साली हाच धाकटा अर्नहार्ट हंगामाचा उत्तरार्ध घरी बसला, वैद्यांनी मुभा दिल्यावर परतला, आणि आणखी एक हंगाम खेळून नियमित शर्यतींतून निवृत्त झाला.

काइल बुश या चालकाचा वृत्तांत तर मला विशेष मोलाचा वाटतो. २१ फेब्रुवारी २०१५ रोजी डेटोना येथे, जिथे ती नवी भिंत अद्याप पोहोचली नव्हती अशा काँक्रीटवर आदळून त्याचा उजवा पाय आणि डावे पाऊल मोडले. अकरा शर्यतींना त्याला मुकावे लागले. परंतु नियमांतून सूट देऊन त्याची अजिंक्यपदाची पात्रता अबाधित ठेवण्यात आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो अजिंक्य ठरला. १९९६ आणि २०१५ यांच्या दरम्यान मनुष्याचे हाड अधिक त्वरेने जुळू लागले होते असे मुळीच नाही. बदलले होते ते नियमाचे कलम.

एर्नी अर्व्हन या चालकाचाही उल्लेख केला पाहिजे. २० ऑगस्ट १९९४ रोजी मिशिगन येथील सरावात त्याचे मस्तक फुटले. तो जगण्याची आशा डॉक्टरांना दहात एक इतकीच वाटत होती. वर्षभराने एका डोळ्यावर पट्टी बांधून तो परतला, आणि १९९७ साली त्याच मिशिगनच्या मार्गावर जिंकलाही. परंतु १९९९ साली, पुन्हा २० ऑगस्टलाच, पुन्हा तिथेच, त्याच्या मस्तकास मार बसला, आणि काही दिवसांतच त्याने निवृत्ती घेतली. या कथेचा पूर्वार्ध सांगून टाळ्या घेणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले आहेत. वैद्याने उत्तरार्धही सांगितला पाहिजे.

आपल्या देशातही या इजा अपरिचित नाहीत. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईच्या मार्गावर सलून मोटारींच्या शर्यतीत के. ई. कुमार हे ज्येष्ठ शर्यतपटू निवर्तले. बंगळुरूचे शर्यतपटू सी. एस. संतोष २०२१ च्या डाकार रॅलीत मस्तकास मार बसून औषधोपचाराने बेशुद्धावस्थेत ठेवले गेले, आणि सुदैवाने त्यातून बरे होऊन मायदेशी परतले.

आता इतवारीकडे वळतो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे राष्ट्रीय महामार्ग जिथे एकमेकांस छेदतात, त्या नागपुरात मेयो आणि मेडिकल या रुग्णालयांच्या अपघात विभागांत मालमोटारींचे चालक येतात, त्यांच्या पायांच्या नळ्या मोडलेल्या असतात, कित्येकांना त्या रात्रीचे काही आठवत नसते. त्यांची शस्त्रक्रिया आपण उत्तम करतो, याविषयी मला शंका नाही. परंतु नळीचे हाड जुळावयास चारसहा महिने लागतात, आणि चालकाचा मेहनताना ठरतो फेरीवर. गाडी उभी, तर चूल थंड. मग तो सहाव्या आठवड्यात लंगडत येतो, ‘डॉक्टरसाहेब, क्लच दाबता येतो, तेवढा दाखला द्या’ अशी विनंती करतो, आणि मी दाखला नाकारला तर तो दाखल्यावाचूनच गाडीवर चढतो. १९९६ सालच्या अर्नहार्टपुढे जे कलम होते, तेच याच्यापुढे आहे. फरक इतकाच, की याच्या धैर्याचा पोवाडा कोणी गात नाही, आणि याच्या चाकासमोर भिंत नसून रस्ता ओलांडणारी माणसे असतात. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली.

कायदा अगदीच मुका आहे असेही नव्हे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या चतुर्थांशाइतकी रक्कम देण्याची तजवीज झालेली होती, आणि वाहनचालक तिच्या कक्षेत होते. २०२५ सालच्या केंद्रीय योजनेने अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची सोय केली. ती स्वागतार्ह आहे. परंतु सात दिवसांत जखम धुतली जाते, हाड जुळत नाही. आणि पंधरवड्याची रक्कम मिळविण्यास नोकरीचा जो दस्तऐवज लागतो, तो फेरीवर राबणाऱ्या चालकापाशी बहुधा नसतो. तो कागद तयार होण्याची पहिली जागा रुग्णालयच असू शकते. रुग्ण दाखल होताच मालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि मेहनतान्याचा दर केसपेपरवर लिहून घेण्यास आपल्याला कोणीही मनाई केलेली नाही.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक जायबंदी चालकाच्या कागदपत्रांत वरील नोंद व्हावी. मस्तकास मार बसलेल्या चालकाची स्मृती, दृष्टी आणि प्रतिक्रियावेग यांची तपासणी झाल्यावाचून त्यास वाहन चालविण्यास योग्य असल्याचा दाखला कोणीही देऊ नये. आणि दाखला नाकारताना, किती आठवडे आणि कोणत्या कारणास्तव, हे मराठीत लिहून, सहीशिक्क्यानिशी, भरपाईच्या अर्जास जोडता येईल अशा स्वरूपात त्याच्या हाती द्यावे. मसुद्याच्या प्रती दरवाजापाशी ठेवल्या आहेत. ज्यांना दुरुस्त्या सुचवावयाच्या असतील, त्यांनी त्या आज सायंकाळपर्यंत चिटणीसांकडे लेखी द्याव्यात.