लाकडी जिना : तेल, रोगण की अंथरण?

धारवाडच्या माळमड्डीसारख्या जुन्या वस्तीत किंवा हुबळीच्या जुन्या पेठांत माडीवर नेणारा लाकडी जिना अजूनही कोठे कोठे दृष्टीस पडतो. पश्चिमेस हल्याळ-दांडेलीचे रान जवळ असल्यामुळे सागवान, ऐन, बिबळा ही लाकडे या भागास परकी नव्हेत. ऐनाला येथील सुतार मत्ती म्हणतो आणि बिबळ्याला होन्ने. असे लाकूड नीट सांभाळले तर पिढ्यान् पिढ्या टिकते. घर दुरुस्तीस काढले की प्रश्न येतो तो एवढाच, की पायऱ्यांना तेल द्यावे, रोगण लावावे, की वर काही अंथरावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा डोळ्यांना विचारले जाते. वास्तविक ते पावलांना विचारावयास हवे. आरशासारख्या चकाकणाऱ्या पायरीवरून घरातील वृद्ध माणूस घसरून पडले, तर त्या चकाकीचे मोल काय?

प्रथम येथील पावसाळा ध्यानात घ्यावा. जून ते सप्टेंबर बाहेरून येणारे पाऊल ओले असते, अनवाणी असते, आणि त्यास हुबळीकडे काळी, तर धारवाडकडे तांबडी माती चिकटलेली असते. या मातीतील बारीक कण पायरीवर काचकागदाचे काम करतात. चपडा लाखेचे स्पिरिट-पॉलिश दिसावयास सुंदर खरे. परंतु पाणी सांडताच त्यावर पांढरे डाग उमटतात आणि वर्दळीने ते लवकर झिजते. ते कठड्याला शोभते, पायरीला नव्हे.

तैलरंग, रोगण किंवा अलीकडचे पॉलियुरेथेन यांचा लाकडावर पापुद्रा बसतो. पॉलियुरेथेनचा पापुद्रा चिवट असतो, यात शंका नाही. परंतु पायरीच्या पुढच्या कडेवर तो एकदा फुटला की फटीतून पाणी आत शिरते, आणि तेवढाच भाग दुरुस्त केल्यास ठिगळ उघड दिसते. शिवाय गुळगुळीत पापुद्रा ओला झाला की निसरडा होतो. ज्यांना हाच लेप हवा असेल, त्यांनी बिनचकाकीचा घ्यावा आणि प्रत्येक कडेवर खरखरीत पट्टी बसवावी.

जवसाच्या तेलाची रीत निराळी. हे तेल लाकडात मुरते आणि हवेतील प्राणवायू घेऊन तेथेच घट्ट होते. जुना रंग काढून, रेषांच्या दिशेने काचकागद फिरवून, टर्पेंटाइन मिसळलेले तेल पातळ लावावे व पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सर्व तेल पुसून घ्यावे. न पुसलेले तेल चिकट राहते. असे दोन-तीन हात पुरेत. कच्चे तेल सुकण्यास कित्येक दिवस लागतात. बाजारात उकळलेले म्हणून मिळणारे तेल सुमारे दिवसभरात सुकते. झिजलेल्या पायरीस पुढे केव्हाही नवा हात देता येतो, हा याचा मोठा गुण. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामास उत्तम. एकाआड एक पायरी रंगविली, तर घरातील ये-जाही थांबत नाही. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

आता अंथरणाविषयी. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचे जमखाने प्रसिद्ध आहेत. पण त्यांचे स्थान बैठकीत. सैल अंथरण पायरीवर घातले तर ते पावलाखालून सरकते, आणि नक्षीच्या गर्दीत वृद्ध डोळ्यांना पायरीची कड दिसत नाही. १८६३ साली इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन यांनी याच जवसाच्या तेलापासून लिनोलियम केले. ते किंवा रबर पायरीवर चिकटविता येते. परंतु खाली ओल कोंडली तर लाकूड कुजते आणि वाळवी लागली तरी दिसत नाही. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. केवळ पायऱ्यांवरच एक सेंटिमीटर जाडीचे अंथरण घातले, तर पहिली पायरी तेवढी उंच होते आणि माडीवर टाकावयाचे शेवटचे पाऊल तेवढेच ठेंगणे. पायऱ्यांच्या उंचीची सवय पावलास असते. हा लहानसा फरकही ठेच लागण्यास पुरतो. जुने जिने आधीच उभे. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घराची पायरी १९ सेंटिमीटरांहून उंच नसावी आणि पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटरांहून कमी नसावी, असे सांगितले आहे. या मापात न बसणाऱ्या जिन्यावर जाड अंथरण न घालणेच शहाणपणाचे.

म्हणून मजबूत सागवानी जिन्यास तेलाचा हात, कडेवर वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी, धरावयास पक्का कठडा आणि रात्री पुरेसा उजेड, एवढी योजना बहुतेक घरांस पुरेल. निर्णयापूर्वी सर्वांत खालच्या एकाच पायरीवर लेप देऊन तो पूर्ण सुकू द्यावा. मग तीवर थोडे पाणी शिंपडून, कठडा घट्ट धरून, घरातील धडधाकट माणसाने अनवाणी उभे राहावे. पाऊल ठरले तर तो लेप साऱ्या जिन्यास द्यावा. सरकले तर दुकानातील नमुना कितीही सुंदर असो, तो परत करावा.