सातबारा आणि डेटाबेस

रावेरच्या एखाद्या केळीबागेचा सातबारा हाती घ्या. नमुना सातवर मालकाचं नाव, बारावर पीक. दोन्हींना जोडतो तो गट नंबर. खाते क्रमांक धरून आठ-अ हा खातेउतारा सापडतो, फेरफार क्रमांकावरून नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही.

संगणकातल्या रिलेशनल डेटाबेसची रीत हीच. आयबीएम कंपनीतले एडगर कॉड यांनी ती १९७० साली मांडली: माहिती तक्त्यांत ठेवा, समान नोंदीनं तक्ते जोडा. मोठा विचार! पण बाजारात आधी उतरला तो ओरॅकल हा डेटाबेस, १९७९ मध्ये. आयबीएमचा आला १९८१ मध्ये.

आज साक्री-शिरपूरचा शेतकरी महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकून उतारा पाहतो. मात्र नोंदच चुकली असेल, तर संगणकही चुकीचंच दाखवतो. नाव, क्षेत्र ताडून बघा; तफावत दिसली तर तलाठी कार्यालयात लगेच अर्ज करा.