आवड आधी की छंद आधी?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांच्या मोकळ्या वेळावर विश्वास ठेवून. कामधंदा आटोपलेला माणूस तासभर बसून काही नवं ऐकेल आणि त्यावर विचार करेल, असा तो विश्वास होता. आज मी त्या मोकळ्या वेळाविषयीच बोलणार आहे. निवृत्तीला टेकलेली, मुलं परगावी गेलेली माणसं पुष्कळदा म्हणतात, ‘मला नेमकी कशाची आवड आहे तेच कळत नाही, मग छंद कुठला लावून घेऊ?’ आवड आत कुठेतरी तयारच असते, ती सापडली की छंद आपोआप जमतो, असं त्यांनी धरून चाललेलं असतं. मला हे पटत नाही. टिकणाऱ्या बहुतेक छंदांत क्रम उलटा असतो. माणूस एखाद्या गोष्टीला हात घालतो, हळूहळू हात बसतो, बारकावे दिसू लागतात आणि मग ती गोष्ट आवडू लागते.

देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर पाहा. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळामास्तर होते. गणितातलं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्यांनी काय शोधलं ते इथे बसल्या बसल्या करून पाहता येईल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. आता तिच्यावर तीच कृती करा: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा एकदा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. संख्या कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. १९४९च्या सुमारास त्यांनी हे मांडलं तेव्हा आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचं लक्ष गेलं. कापरेकरांचं काम मात्र त्या लक्षावाचून अडलेलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, कापरेकरांना लहानपणापासूनच आकडेमोडीची गोडी होती. म्हणजे आवड आधीच आली. गोडी होती हे खरं. पण कोड्यांची गोडी पुष्कळ मुलांना असते आणि ती शाळेबरोबर संपते. कापरेकरांची संपली नाही, कारण त्यांच्या हाती आलेलं प्रत्येक उत्तर पुढचा प्रश्न घेऊन येत होतं. छंद निवडताना मी हीच कसोटी लावेन: सुरुवात कुणालाही करता यावी, आणि शेवट मात्र सहजी दिसू नये. खर्चही फार नसावा. वजाबाकीला पेन्सिल पुरते.

दिनकर केळकर यांचा संग्रहही हेच सांगतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी गोळा केले ते दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, कुलपं; म्हणजे घराघरांतून अडगळीत चाललेल्या वस्तू. एक अडकित्ता हा निव्वळ अडकित्ता असतो. दहा अडकित्ते शेजारी ठेवले की घडवणाऱ्याचा हात दिसतो, याला मोराचा आकार का आणि त्याला घोड्याचा का, असे प्रश्न पडतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज सुमारे वीस हजार वस्तू आहेत, आणि तो ठेवा केळकरांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला.

ही माणसं असामान्य होती, आमच्याकडून असं काय होणार, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पण सामान्य माणसाच्या चिकाटीचीच वाट पाहणारी कामंही पडून आहेत. मोडी लिपीचं घ्या. पुण्याच्या अभिलेखागारात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि ते वाचू शकणारे थोडे. मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात. अडचण पुढे असते: शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लिहिणाऱ्याने हात उचललेला नाही. सुरुवातीला ओळ लागतच नाही. मग एखाद्या गावाचं नाव लागतं, एखादी रक्कम लागते, आणि दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी शेतकरी सारासूट मागतो आहे हे कळतं. आवड तिथे सुरू होते. पहिल्या आठवड्यात कंटाळून सोडणाऱ्याला ती कधीच भेटत नाही.

दमलेल्या माणसाला विसावा हवा, अभ्यास नको, असंही म्हटलं जाईल. विसावा हवाच, मालिका पाहण्यात किंवा मोबाइल चाळण्यात काही पाप नाही. पण त्यातून उद्यासाठी काही साठत नाही, आणि छंदात साठतं. छंदातून पैसे मिळतील का, हा प्रश्न मात्र निदान सुरुवातीला विचारू नये. त्याने हौसेचं पुन्हा काम होतं.

मला खरी अडचण दिसते ती वेगळी. पुष्कळ घरांत पुरुषाचा मोकळा वेळ ठरलेला असतो आणि बाईचा उरला तर असतो. स्वयंपाक, दुखणी, नातवंडं यांतून जो तुकडा हाती येईल त्यात कसब येणं कठीण. तिला छंद नाही असं म्हणण्याआधी तिला सलग तास मिळतो का, हे घराने पाहिलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती दोन प्रकारची आहे. ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांनी एकच गोष्ट निवडावी, तिला तीन महिने रोज अर्धा तास द्यावा, आणि ती आवडते की नाही हा निकाल तोवर राखून ठेवावा. आणि ज्यांच्या घरात कुणाला असा वेळ मिळत नाही, त्यांनी तिच्या कामातलं एक काम उद्यापासून आपल्याकडे घ्यावं.