यकृताचं औषध आणि मनाचं दुखणं

कावीळ म्हटली की डोळे पिवळे झाले, पथ्यपाणी केलं आणि महिन्याभरात माणूस उठून कामाला लागला, अशी आपली समजूत असते. पण हेपॅटायटिस बी आणि सी या दोन रोगांचे विषाणू काहींच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. आतल्या आत मात्र यकृत निबर होत जातं. यावरचं एक औषध घेताना रोग्याच्या मनाला जो त्रास होतो, त्याविषयी आज मी बोलणार आहे.

या औषधाचं नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. खरं पाहता हा पदार्थ आपलं शरीरच तयार करतं. विषाणू शिरला की पेशी तो सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. रात्री चोर आल्याची हाळी वाडीभर पोचावी, तसं. तापात अंग मोडून येतं, जेवण नको वाटतं, कुणाशी बोलू नये असं होतं, त्यात या पदार्थाचाही वाटा असतो.

आता विचार करा. दोन दिवसांच्या तापातली ही अवस्था सुईवाटे २४ किंवा ४८ आठवडे चालू ठेवली, तर माणसाचं काय होईल?

समजा, एक गुरुजी आहेत. स्वभाव शांत, शाळेत कधी छडी उचलली नाही. सुया सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांची झोप उडते. मुलांचा गलबला सोसत नाही. घरी ताट सरकवून उठतात. "अहो, तुम्हांला झालंय तरी काय?" असं घरच्यांनी विचारलं, तर डोळ्यांत पाणी येतं, पण उत्तर देता येत नाही. लोक म्हणतात, गुरुजींनी हाय खाल्ली. कुणी म्हणतं, बाहेरचं काही आहे.

श्रोतेहो, यांतलं काहीच खरं नाही. इंटरफेरॉन घेणाऱ्या साधारण चार रोग्यांत एकाला अशी उदासीनता येते. मेंदूत सिरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. झोप आणि मनाची उभारी यांच्याशी त्याचा संबंध आहे. ते ज्या कच्च्या मालातून बनतं, तो या औषधामुळं दुसरीकडं वळतो, हे त्याचं एक कारण मानतात. तेव्हा हा मनाचा दुबळेपणा नव्हे. औषधाचाच परिणाम आहे.

मग करायचं काय? पूर्वी कधी उदासीनतेचा आजार झाला असेल, तर तो उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावा. झोप गेली, चिडचिड वाढली, तर लाजू नये. पण सुया परस्पर बंदही करू नयेत. डॉक्टर मात्रा कमी करतात, मनाच्या आजारावरचं औषध जोडीला देतात. गरज पडली तर उपचार थांबवतातही. घरच्यांनी बोल लावू नये, लक्ष ठेवावं. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका; त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. औषध संपल्यावर बहुतेकांचं मन हळूहळू ताळ्यावर येतं. काहींना मात्र वेळ लागतो.

आता चांगली बातमी. २०१३ नंतर हेपॅटायटिस सी वर पोटात घेण्याच्या नव्या गोळ्या आल्या. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, शंभरातले पंचाण्णवांहून अधिक बरे होतात, आणि त्या सुयांची गरज राहिलेली नाही. हेपॅटायटिस बी वरही बहुतेकांना रोजची गोळी देतात. सुया थोड्यांनाच लागतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही रोगांची तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत.

तरी जुनी धास्ती गेलेली नाही. "त्या सुयांनी अमक्याचं डोकं फिरलं" एवढं ऐकून कुणी तपासणीच टाळत असेल, तर त्याला आजची ही गोष्ट सांगा. आणि ज्यांनी त्या सुया सोसल्या, त्यांनाही एवढं सांगा: तुम्ही खचला नव्हता, औषधच जड होतं.