नगरपालिकेचे पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभीचा नगरपालिकांचा नित्याचा कारभार म्हटला की आम्हांस जकात, रॉकेलचे दिवे, गटारे आठवतात. साताऱ्यास कासचे पाणी पाटाने, केवळ उताराच्या बळावर येई. ते कोणाच्या ओंजळीत पडे, हा प्रश्न मात्र निराळा. १९०० साली भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. शिपायाने तोटी सोडली तरच त्यांची तहान भागे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. सांगली पडली संस्थानात. तिला तो लागूच नव्हता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला खरा, पण तळ्यावर जाण्यास १९२७ चा सत्याग्रह लागला. ठराव लिहिणे हेही नित्याचेच काम होते!